कार्ड गावात, बाळंतपण उसाच्या फडात

आपल्या सोनपेठ तालुक्यात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील लग्ने बहुतेक एप्रिल-मे महिन्यांत होतात. कारण सरळ आहे. कारखान्यांचा पट्टा पडतो, माणसे गावी परततात आणि हातात चार पैसे असतात. आता वाचकांनी बोटांवर एक हिशेब करून पाहावा. मे महिन्यात लग्न झाले आणि जूनमध्ये दिवस गेले, तर दिवाळीला त्या मुलीला पाचवा महिना असतो. नेमक्या त्याच सुमारास मुकादमाचा ट्रॅक्टर वस्तीच्या तोंडाशी उभा राहतो. पोरगी पाच महिन्यांचे पोट घेऊन गाडीत बसते. सहावा, सातवा आणि आठवा महिना सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा थेट बेळगावकडच्या फडात जातो आणि मार्चमध्ये, कारखाना बंद व्हायला काही दिवस असताना, बाळंतपण येते. म्हणजे डॉक्टरची, औषधाची आणि विश्रांतीची सर्वांत जास्त गरज असते, तेच महिने ती गावात नसते. आणि तिच्यासाठी सरकारने जे जे ठेवले आहे, त्याची नोंद मात्र गावात असते!

तालुक्यातच सायखेड्याला साखर कारखाना असून आपली माणसे एवढ्या लांब का जातात, असे पाहुण्यांना वाटते. ज्याने उचल घेतली, त्याला उचल देणारा नेईल तिथे जावे लागते, हे त्याचे उत्तर. तो विषय मोठा आहे, आज तो बाजूला ठेवू. आज बोलायचे आहे ते आई आणि बाळ यांच्याविषयी.

कामकरी बाईच्या बाळंतपणाचा प्रश्न या राज्यात कायदेमंडळात गाजला तो १९२८ साली. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला काही काळ विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा हे त्यांना मान्य होते. पण बाईला कामावर ठेवून ज्याचा फायदा होतो, त्या मालकाला यातून मोकळे सोडू नये, हाही त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशातला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. त्यानंतर १९६१ मध्ये देशभरासाठी कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली.

मग ऊस तोडणाऱ्या बाईला सव्वीस दिवस तरी मिळतात काय? एकही नाही. कारखाना म्हणतो, ही आमची कामगार नव्हे, मुकादमाची आहे. मुकादम म्हणतो, मी फक्त माणसे आणून देतो. हिशेबाच्या वहीत तर बाईचे नावच नसते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि उचल नवऱ्याच्या नावावर पडते. बाई एक दिवस बसली तर खाडा धरून पैसे कापतात. दिवसाला पाचशेपासून हजारापर्यंत कापल्याचे अनेकजणी सांगतात. त्यामुळे आठव्या महिन्यातली बाईसुद्धा पहाटे तीन-चारला उठते, भाकरी थापते, फडात जाते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, हे चांगलेच झाले. पण प्रत्येक वाटाघाटीत टनाचा भाव बोलला जातो, तसा बाळंतिणीच्या खाड्याचाही बोलला गेला पाहिजे. बाबासाहेबांनी १९२८ साली मालकाच्या अंगावर टाकलेला तो वाटा उसाच्या धंद्यात आजही कोणी उचललेला नाही.

ते होईपर्यंत जे हक्काचे आहे, ते तरी पदरात पडावे. मी कारकून माणूस, कागदांत आयुष्य गेले. म्हणून कागदांचीच भाषा बोलतो. थोडी रटाळ वाटेल, पण पैसे आणि जीव दोन्ही यातच अडकतात.

पहिली योजना प्रधानमंत्री मातृवंदना. २०१७ पासून ती लागू आहे. पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये मिळतात आणि १ एप्रिल २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६००० रुपये मिळतात. पहिल्या अपत्याचे पैसे दोन हप्त्यांत येतात, आधी ३००० आणि मग २०००. पहिल्या हप्त्यासाठी सहा महिन्यांच्या आत गरोदरपणाची नोंद आणि किमान एक तपासणी झालेली असली पाहिजे. आता वरचा हिशेब पुन्हा आठवा. दिवाळीला पाचवा महिना! म्हणजे ट्रॅक्टर हलण्याआधी नोंद झाली तर झाली. पुढे फडात सहावा महिना उलटतो आणि तीन हजारांवर पाणी पडते. दुसऱ्या हप्त्याला बाळाच्या जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी लागतात. अनुसूचित जातीच्या स्त्रिया, रोजगार हमीचे जॉब कार्ड असलेल्या, ई-श्रम कार्ड असलेल्या या सगळ्या त्यात बसतात. मात्र खाते तिच्या स्वतःच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले हवे. नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे खाते चालत नाही, आणि ते बरेच आहे.

दुसरी जननी सुरक्षा योजना, २००५ सालची. महाराष्ट्रात ग्रामीण भागातील बाईची प्रसूती दवाखान्यात झाली की ७०० रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालील बाईची घरी झाली तर ५०० रुपये. रक्कम आजच्या मानाने किरकोळ आहे, पण आपल्या भगिनींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनुसूचित जातीच्या स्त्रीला या योजनेसाठी दारिद्र्यरेषेच्या कार्डाची अट नाही, जातीचा दाखला पुरतो. १९९० साली घटनेच्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचाही त्यात समावेश झाला. म्हणून ‘तुम्ही बौद्ध, तुम्हाला लागू नाही’ असे कोणी म्हणाले, तर ते चूक आहे. एका दवाखान्यात, नाव सांगत नाही, आमच्या वस्तीतल्या एका मुलीला दाखल्यावर माहेरचे आडनाव आहे म्हणून परत पाठवले होते. जातीचा दाखला माहेरच्याच नावाने निघतो, जात जन्माने लागते, एवढी साधी बाब टेबलापलीकडच्या माणसाला तीनदा सांगावी लागली. लग्नाचा दाखला सोबत ठेवला की हा वाद मिटतो.

तिसरा आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा आहे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम, १ जून २०११ पासूनचा. यात हातात पैसे मिळत नाहीत, म्हणून त्याची चर्चा होत नाही. पण सरकारी दवाखान्यात प्रसूती मोफत, सिझेरियन मोफत, औषधे, तपासण्या आणि रक्त मोफत. साध्या प्रसूतीला तीन दिवस व सिझेरियनला सात दिवस जेवण. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि नंतर घरी सोडायला गाडी. आजारी बाळाचे उपचार सुरुवातीला तीस दिवसांपर्यंत मोफत होते, पुढे ते एक वर्षापर्यंत वाढवले. यात रहिवासाची अट नाही. सोनपेठची बाई कऱ्हाडला बाळंत झाली काय किंवा कर्नाटकात झाली काय, हा कार्यक्रम देशभराचा आहे. सलाईन-इंजेक्शनची चिठ्ठी बाहेरच्या दुकानासाठी लिहून दिली, तर नम्रपणे पण ठामपणे कार्यक्रमाचे नाव घ्यावे. नाव घेतले की फरक पडतो, हा अनुभव आहे.

या सगळ्याची किल्ली म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड. आशाताई किंवा नर्सबाई ते देतात. त्यावर वजन, रक्तदाब, रक्ताचे प्रमाण, धनुर्वाताची इंजेक्शने आणि पुढे बाळाच्या लसी लिहिलेल्या असतात. आपल्या बाया हे कार्ड पत्र्याच्या पेटीत, साडीच्या घडीखाली जपून ठेवतात आणि गावाला जाताना पेटीला कुलूप लावून जातात! मग फडाजवळच्या दवाखान्यात डॉक्टर विचारतो, रक्त किती होते, आधी काही त्रास होता काय, आणि बाई नवऱ्याच्या तोंडाकडे पाहते. कोयता विसरत नाही, तवा विसरत नाही, तसे कार्ड विसरू नये. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधार, बँकेचे पासबुक आणि जातीच्या दाखल्याची झेरॉक्स याबरोबर ते न्यावे.

कोपी उभी राहिली की पहिल्याच आठवड्यात तिथल्या उपकेंद्राची नर्स, आशाताई आणि अंगणवाडी कुठे आहे, याची चौकशी करावी. गरोदर बाईला आणि लहान मुलाला अंगणवाडीचा आहार तिथेही मागता येतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची डॉक्टरकडून मोफत तपासणी होते. ही व्यवस्था २०१६ पासून देशभर आहे. तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. १०८ नंबरची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, कर्नाटकातही आहे. फोन लागतो, पण पलीकडून विचारतात, तुम्ही कुठे आहात? आणि टोळीतल्या कोणालाच सांगता येत नाही. आज या शेतात, परवा त्या शेतात. म्हणून नवीन फडात गेले की गावाचे नाव, शेतमालकाचे नाव आणि जवळचा फाटा एवढे तीन शब्द कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावेत. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्यावर शेतमालकाचे नाव शोधत बसायला वेळ नसतो.

अंगावर रक्त जाणे, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंड व हात सुजणे, झटका येणे, पोटातले बाळ फिरेनासे होणे, पाणी जाऊनही कळा न येणे, यातले काहीही झाले तर मुकादमाला विचारत बसू नये. सरळ दवाखाना गाठावा. गावी असताना असे झाले, तर हेही माहीत असावे की प्राथमिक आरोग्य केंद्रात सिझेरियन होत नाही. अवघडलेल्या बाईला सोनपेठहून गंगाखेडच्या उपजिल्हा रुग्णालयात, परभणीला किंवा परळीमार्गे अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागते. कुठे न्यायचे हे आठव्या महिन्यातच घरात ठरलेले असावे. त्या रात्री सासू एक म्हणते, माहेरचे दुसरे म्हणतात आणि तासभर उंबऱ्यातच जातो.

बाळ फडाजवळच जन्मले, तर जन्माची नोंद तिथल्याच ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात होते, सोनपेठला होत नाही. एकवीस दिवसांच्या आत ती विनाशुल्क आहे. दाखला हातात घेतल्याशिवाय गाव सोडू नये. पुन्हा दाखल्यासाठी कोल्हापूरचे तिकीट काढायचे म्हणजे मातृवंदनेचा दुसरा हप्ता एसटीलाच द्यायचा. शिवाय ऑक्टोबर २०२३ पासून शाळेपासून आधारपर्यंत सगळीकडे जन्मदाखल्याचे महत्त्व वाढले आहे.

आता रक्ताविषयी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील गरोदर स्त्रियांपैकी शंभरात पंचेचाळीसपेक्षा जास्त जणींचे रक्त कमी आढळले. गरोदरपणी हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेले की रक्त कमी समजतात, आणि सातच्या खाली गेले की जीवाला धोका. अशा बाईला प्रसूतीत थोडासा रक्तस्रावही झेपत नाही. लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, बाळंतपणाआधी १८० दिवस आणि नंतर १८० दिवस घ्यायच्या. आपल्याकडे त्या घेतल्या जात नाहीत, कारण मळमळते, शौचाला काळे होते आणि ‘बाळ मोठे होऊन अडेल’ अशी भीती कोणीतरी घातलेली असते. गोळीने बाळ अडत नाही. रात्री जेवल्यावर घेतली तर मळमळ कमी होते. फक्त चहाबरोबर घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. फडातली बाई दिवसभर कोऱ्या चहावरच असते, म्हणून हे मुद्दाम लिहिले. निघताना चार-पाच महिन्यांच्या गोळ्या मागून घ्याव्यात. आणि जेवणाचे काय? सगळ्यांचे झाल्यावर टोपल्यात जी अर्धी भाकरी उरते, ती गरोदर बाईची, हा रिवाज आपल्या घरांतूनही गेलेला नाही. सासवांनी आणि विशेषतः नवऱ्यांनी हे वाचावे.

याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा लिहिताना लाज वाटते. वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात शंभरात बावीसच्या आसपास होते. परभणी जिल्ह्यात ते अठ्ठेचाळीस होते, राज्यात सर्वांत जास्त. शेजारचा बीड दुसरा. एकट्या पोराला मुकादम ‘अर्धा कोयता’ म्हणतो आणि उचल कमी देतो. कोयता पुरा व्हावा म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या पोरीचे हात पिवळे केले जातात. तिची हाडे भरलेली नसतात, रक्त नसते, बाळ कमी वजनाचे होते. वरून मातृवंदनेचे पैसेही मिळत नाहीत, कारण वय बसत नाही. दवाखान्यात गेले तर पोलिसांना कळवावे लागते, म्हणून नोंदच टाळली जाते. म्हणजे जिला तपासणीची सर्वांत जास्त गरज, तीच दडवून ठेवली जाते. बालविवाह थांबवायचा असेल तर १०९८ हा फोन आहे आणि गावात ग्रामसेवकाकडे तो अधिकार आहे. पण पोर गरोदर राहिलीच असेल, तर तिला तपासणीपासून लांब ठेवू नये. खटला नंतर पाहता येईल.

बाळाबद्दल थोडे. पहिल्या तासात अंगावर पाजावे. पहिला पिवळा चीक पिळून टाकू नये, ती बाळाची पहिली लस समजावी. मध, गुटी, साखरपाणी काही देऊ नये. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ असेल, तर त्याला आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून पांघरावे, जानेवारीच्या थंडीत कोपीत तर नक्कीच. बाळ प्यायचे थांबले, थंड पडले, भराभर श्वास घेऊ लागले, तर एक दिवसही थांबू नये.

हे सगळे अवघड डॉक्टरी ज्ञान आहे असे कोणाला वाटेल. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले, तेव्हा त्या भागात हजारी १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. त्यांनी खेड्यांतल्या निरक्षर बाया निवडल्या, त्यांत दलित बायाही होत्या, आणि त्यांना शिकवले. पाच-सहा वर्षांत तो आकडा पन्नाशीजवळ आला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या बाया तयार केल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले, आणि १९९९ मध्ये हे निष्कर्ष लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ बघायला येते, ती पद्धत तिथूनच आली. मराठवाड्यात कितीएक गावांत नाळ कापायचे काम अपवित्र म्हणून मातंग बायांच्या गळ्यात होते. त्यांच्या हातांतले कसब लोकांनी वापरले आणि त्या हातांचे पाणी मात्र घेतले नाही. त्याच वस्तीतली बाई आज वजनकाटा घेऊन सगळ्या गावाच्या घरांत जाते, ही साधी गोष्ट नव्हे. ती दारात आली की ‘नंतर या’ म्हणू नये.

महाराष्ट्रात २०२० साली बालमृत्यूचा दर हजारी सोळापर्यंत खाली आला, देशाचा अठ्ठावीस होता. आकडा चांगला आहे. पण कोपीतले बाळ तोडणीच्या जिल्ह्यातही मोजले जात नाही आणि गावातही नाही, असे कितीदा होत असेल, हा प्रश्न मनातून जात नाही.

बाळंतपण संपले म्हणजे बाईचे दुखणे संपत नाही. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक बायांपैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. खाडा नको, पाळीची कटकट नको, म्हणून पंचविशी-तिशीत पिशवी काढायची, आणि खाजगी डॉक्टरने कर्करोगाची भीती घालायची. सरकारी डॉक्टरचे दुसरे मत घेतल्याशिवाय कोणीही या ऑपरेशनला तयार होऊ नये. दोन मुलांत अंतर ठेवायला तांबी आहे, अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळ्या आहेत, सगळे फुकट. १९३८ च्या नोव्हेंबरात संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या प्रेरणेने मांडला गेला होता आणि तो तेव्हा फेटाळला गेला. आज ती साधने उपकेंद्राच्या कपाटात पडून आहेत.

आता करायचे काय? आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. विहारात रोज ग्रंथवाचन होते, आयाबहिणी जमतात. पौर्णिमा सरते आणि टोळ्या निघतात. म्हणजे हेच तीन महिने आपल्या हातात आहेत. महिला मंडळाने वाचनानंतर अर्धा तास आशाताईला बोलवावे आणि एक वही घालावी. रकाने असे: नाव, कितवा महिना, कार्ड आहे काय, खाते आधारला जोडले काय, ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र ग्रामसेवकाकडून काढले काय, मुकादमाचे नाव व फोन, कोणत्या कारखान्याला जाणार. मुकादमाचा फोन मुद्दाम घ्यावा. वस्तीत आपली नोंद आहे, हे त्यालाही कळलेले बरे. शक्य असेल तिथे सातव्या महिन्याच्या पुढची बाई गावातच ठेवावी आणि तिच्या जेवणाखाण्याची सोय मंडळाने पाहावी. शेवटचा रकाना मोकळा सोडावा, तो एप्रिलमध्ये भरायचा: आई परत आली काय, बाळ परत आले काय, कोणत्या लसी राहिल्या. वही कोणाच्या घरी न ठेवता विहाराच्या कपाटात ठेवावी, कारण पदाधिकारी दरवर्षी बदलतात.